मागच्या सीटवर कोण

टायरच्या दुकानात गाडी शिरली की दादाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "गाडीत नेहमी कोण कोण बसतं?" मापाची गोष्ट नंतर. हा माणूस टायर विकतोय की सोयरीक जुळवतोय, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं. पण रिकाम्या गाडीला नीट बसलेला टायर माणसं भरली की घासतो, आणि मग तेच गिऱ्हाईक परत येऊन डोकं खातं, हे दादा अनुभवाने शिकला होता. आणि हल्ली त्याच्या डोक्यात कुणी खावं असं फारसं काही उरलंही नव्हतं.

कारण घरी आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचं उठणं, बसणं, रात्री कूस बदलणं, सगळं दादा आणि त्याची बायको बघत. दोघं आळीपाळीने झोपत आणि आळीपाळीने एकमेकांवर खेकसत. धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहून फोनवर आईची फार काळजी करायचा. शेवटी दादाच्या बायकोने त्याला धारेवर धरलं तेव्हा तो कबूल झाला. या रविवारपासून आई त्याच्याकडे. त्या रविवारवर डोळा ठेवून दादा एकेक दिवस ढकलत होता.

आज सकाळी पाठ पुसून घेताना आई म्हणाली होती, "धाकट्याचा फोन आलेला. माझ्यासाठी गाडीला नवीन चाकं बसवतोय म्हणे." बोलताना तिचा चेहरा उजळला होता.

दुपारी धाकटा चाकं घेऊन आलाच. चकचकीत अलॉय, सोळा इंची. जुनी पंधराची होती.

"चाक मोठं झालं, की रबराची उंची तेवढी कमी करायची, म्हणजे गोळाबेरीज तीच राहते," दादा म्हणाला. "रुंदी एकशे पंच्याण्णव, उंची तिच्या पंचावन्न टक्के, असे घालू."

"नको रे. दोनशे पाच, पंचेचाळीस. गाडी कशी जमिनीला चिकटलेली दिसली पाहिजे."

"पंचेचाळीसला रबर उरतं किती? खड्डा थेट कंबरेत येईल. काटाही खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवेल."

"दाखवू दे."

दादाने पाना उचलला आणि निव्वळ सवयीने विचारलं, "गाडीत नेहमी कोण कोण बसतं?"

"मी एकटाच," धाकटा म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

दादाने पाना खाली ठेवला. खरं तर त्याला संताप यायला हवा होता. पण संतापायलाही अंगात त्राण लागतं. त्याच्या डोळ्यांपुढे फक्त बायको आली. कालच तिने आईच्या साड्या घड्या करून पिशवीत भरल्या होत्या.

"आणि आई?"

"नेणार आहे ना. पण या महिन्यात जरा..."

"चाकं तिच्यासाठी घेतोय म्हणालास."

"काहीतरी बोलायचं म्हणून बोललो." धाकटा टायरच्या थप्पीवर टेकला. "मला नाही जमणार, दादा. उचलताना ती कण्हते ना, माझे हातपाय गळतात."

"जमत मलाही नाही," दादा म्हणाला. "करतो."

तो हे हवेचा दाब सांगावा तितक्याच सपाट आवाजात बोलला. आणि पाना उचलून जुनी चाकं सोडवायला बसला. मग धाकटा मान खाली घालूनच म्हणाला, "पंचावन्नचे घाल. आणि तिला गाडीत बसवायचं कसं, ते दाखव."

चारही चाकं चढली. दादाने मागचं दार उघडलं आणि तो सीटकडे पाठ करून उभा राहिला. "मी आई. काखेतून धर. आधी सीटवर टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत. एकेक नाही."

धाकट्याची पकड घट्ट होती. दादाने अंग सैल सोडलं. कित्येक वर्षं तोच सगळ्यांना धरत आला होता. त्याला असं कुणी धरलं नव्हतं.

"कण्ह की," धाकटा म्हणाला. "मला सवय व्हायला हवी."

दादा खोटं कण्हायला गेला आणि खरंच कण्हला. धाकटा थबकला, पण त्याने हात सोडले नाहीत. दादाला टेकवून त्याने त्याचे दोन्ही पाय सांभाळून आत घेतले.

"आता समोरच्या स्पीडब्रेकरवरून एक फेरी मार," दादा म्हणाला. "टायर घासतोय का, मी ऐकतो."

धाकट्याने गाडी काढली. स्पीडब्रेकरवरून इतकी हळू नेली की मागच्या रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. परत दुकानापाशी आल्यावर त्याने विचारलं, "घासला का रे?"

त्याने आरशात पाहिलं. दादा तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

धाकट्याने गाडी थांबवली नाही. तशीच हळूहळू पुढे नेली आणि आणखी एक फेरी मारली.