जावई मरता कामा नये

प्रभाबाईंनी नेम मुद्दाम डावीकडं धरला. गोळी खांबावर आपटली आणि जावई पुन्हा एकदा वाचला.

"अरेरे," त्या म्हणाल्या. हे अरेरे त्यांना आता चांगलंच जमू लागलं होतं.

"असू दे आई, परत करू," टीव्हीतून अनिमेषचा आवाज आला. त्याचा शिपाई आईला वाचवायला म्हणून आडोसा सोडून धावला, आणि जावयानं त्यालाही आडवं केलं. पडदा लाल झाला. पुन्हा पहिल्यापासून.

आतल्या खोलीतून गोपाळरावांनी विचारलं, मेला का एकदाचा? नाही म्हटल्यावर त्यांनी कूस बदलली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला रविवारी दुपारी झोपेखेरीज काही सुचत नाही, त्यातून सोलापूरचा एप्रिल. बायको हॉलमध्ये बंदूक चालवते याचं त्यांना आता काही वाटेनासं झालं होतं. फक्त आवाज बारीक ठेव, खालच्या मजल्यावरचे लोक पोलिसांना बोलावतील, एवढंच ते अधूनमधून सांगत.

अनिमेष चार वर्षांपासून जर्मनीत म्युनिकला नोकरीला होता. मागच्या दिवाळीला घरी आला तेव्हा स्वतःचं जुनं खेळाचं यंत्र इथंच ठेवून गेला. जाण्याआधी दोन दिवस शेजारी बसवून त्यानं आईला शिकवलं. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईंना बटणं कळायला वेळ लागला नाही, बंदूक धरायला मात्र लागला. कंट्रोलरमध्येच बारीक माइक होता, त्यामुळे दोघांना खेळता खेळता बोलता येई. तेव्हापासून दर रविवारी तिकडची सकाळ आणि इकडची दुपार एकत्र होत असे.

त्या खेळाचे आजवर चार भाग निघाले होते. चारही भागांत एक रीत ठरलेली. साधे शिपाई थव्यानं येतात आणि दोन गोळ्यांत पडतात. मग त्यांच्यातूनच एखादा असा निघतो की दिसायला तोच, चालही तीच, पण चिलखत दुप्पट जाड आणि खांद्यावर सोनेरी पट्टा. त्याला अनिमेष एलिट म्हणायचा. पहिल्या भागातला एलिट ढाल घेऊन यायचा, दुसऱ्यातला पाठीमागून, तिसऱ्यातला तर दिसायचाच नाही. प्रभाबाईंनी त्याचं बारसं पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं. सगळ्यांच्या शेवटी येतो, नटूनथटून येतो, आणि त्याच्या सरबराईला अख्खं घर कामाला लागतं, म्हणजे हा जावईच. अनिमेष इतका हसला होता की तिकडं त्याला ठसका लागला.

तो हसण्याचा आवाज प्रभाबाईंना हवा होता. फोनवर तो कधी मिळत नसे. फोनवर त्या विचारत, जेवलास का? तो म्हणे, जेवलो. मग ठेवू का, ठेव. पोराला बोलायला नको असतं, उगाच कशाला त्याचा वेळ खा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खेळात मात्र गोष्ट वेगळी. डावीकडं बघ, खाली बस, आणि त्याच्या अध्येमध्ये ऑफिसमधला साहेब, त्याच्या इमारतीतली कुरकुर करणारी म्हातारी, जिन्यात घसरून दुखावलेला गुडघा, सगळं आपोआप बाहेर पडे. गुडघ्याचं तर फोनवर त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

आणि आता चौथ्या भागातला शेवटचा जावई समोर उभा होता. हा सगळ्यांत वाईट खोडीचा. जरा उसंत दिली की याच्या जखमा आपोआप भरून येत. तो पडला की खेळ संपला. पुढचा भाग निघायला अजून काही वर्षं जातील, असं अनिमेषनंच सांगितलं होतं. "हा संपला की झालं बघ," तो सहज म्हणाला होता. त्या रविवारपासून प्रभाबाईंचा नेम बिघडला.

"चल आई, आज पुरे," अनिमेष म्हणाला. "येतो."

"ये. मीपण ठेवते."

ठेवते म्हणाल्या खऱ्या, पण टीव्ही त्यांनी बंद केला नाही. त्या तो कधीच लगेच बंद करत नसत. काशम्मा भांडी घासून हॉलमध्ये आली, हातात केरसुणी.

"झाडू का बाई?"

"थांब गं जरा. आत्ताच गेलाय तो."

घरातलं माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ लगेच केर काढायचा नाही, हे काशम्माला सांगायची गरज नव्हती. अक्कलकोटकडच्या तिच्या घरीही तेच होतं. पण टीव्हीतून गेलेल्या माणसालाही तो नियम लागतो, हे तिला दर रविवारी नव्यानं पटवून घ्यावं लागे. ती भिंतीला टेकून बसली. पडद्यावर प्रभाबाईंचा शिपाई एकटाच दाराशी उभा होता.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि अनिमेषचा शिपाई आत शिरला.

"त्यो तर अजून हितंच हाय की," काशम्मा म्हणाली.

प्रभाबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. टीव्हीतून दोन आवाज येत होते. एक अनिमेषचा, दुसरा मृत्युंजयचा. मृत्युंजय त्याच्याच खोलीत राहणारा सोलापूरचाच मुलगा. तो अनिमेषची टर उडवत होता, की दीड महिना झाला तरी तुझ्यानं एक एलिट मरत नाही. बघ मग, अनिमेष म्हणाला. आईचा शिपाई दाराशी तसाच दिसत असला, तरी ती टीव्ही बंद करून उठली असणार असं तो धरून चालला होता.

पुढचं प्रभाबाईंनी डोळे फाडून पाहिलं. आईला वाचवायला आंधळ्यासारखा धावणारा तो हाच शिपाई, यावर त्यांचा विश्वास बसेना. तो या खांबाआडून त्या खांबाआड सरकला, एकही गोळी वाया घालवली नाही, आणि बघता बघता जावई गुडघ्यावर आला. मग अनिमेषनं बंदूक खाली केली.

"एका गोळीचं काम राहिलंय की. मार ना," मृत्युंजय म्हणाला.

"नको. मारला की संपतं."

"म्हणजे आईबरोबर मुद्दाम हरतोस होय रे?"

"मग काय करू? हा संपला की बोलू काय आईशी? फोनवर ती जेवलास का विचारते, मी जेवलो म्हणतो, आणि लगेच ठेवते म्हणते. तिला माझ्याशी बोलायचंच नसतं असं वाटतं. इथं तासभर बोलते, बाबांची मजा सांगते, हसते. तेवढंच आहे माझ्याकडं."

प्रभाबाईंनी कंट्रोलर उचलला आणि पदरात गुंडाळून पोटाशी घट्ट धरला. आपला श्वाससुद्धा तिकडं जाऊ नये, एवढंच त्यांना कळत होतं. पडद्यावर जावयाच्या जखमा भरल्या आणि तो उठून उभा राहिला. अनिमेषचा शिपाई पाठ फिरवून निघून गेला.

काशम्मानं त्या दिवशी न विचारताच केर राहू दिला.

रात्रीच्या जेवणाला प्रभाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. गोपाळराव भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, म्हणजे तूही हरतेस आणि तोही हरतो, मग त्या बिचाऱ्या जावयाला कशाला ताटकळत ठेवलंय दोघांनी? प्रभाबाई हसल्या नाहीत. मग गोपाळरावांनीच जरा हळू आवाजात विचारलं, तुला त्याच्याशी बोलायचं तरी काय असतं? प्रभाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. बोलायचं काय ते त्यांना नीट ठाऊक होतं. विचारायचं धाडस होत नव्हतं.

बुधवारी फोन झाला. जेवलास का, जेवलो. ठेवू का, ठेव. फोन ठेवल्यावर प्रभाबाई स्वतःवरच चिडल्या आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

रविवारी दुपारी दोघांचे शिपाई पुन्हा त्या दाराशी उभे राहिले. ऊन रणरणत होतं, कूलर घरघरत होता. अनिमेष खुशीत होता. मृत्युंजयनं शेंगाच्या चटणीत पाणी घालून तिची आमटी केली, ते रंगवून सांगत होता. प्रभाबाई नेहमीसारख्या हसल्या, पण हात नेहमीसारखा नव्हता. आज त्यांनी एकही गोळी खांबावर घालवली नाही. जावई लवकरच गुडघ्यावर आला.

"आई, तू मागं हो, मी बघतो," अनिमेष घाईनं म्हणाला, आणि त्याची गोळी छताला लागली. "अरेरे!"

प्रभाबाईंना हसू आलं. कसा माझ्यासारखाच अरेरे म्हणतोय गाढव, असं त्यांच्या मनात आलं. जावयाच्या जखमा भरायला लागल्या होत्या. अजून एक रविवार सहज मिळाला असता. अजून कितीतरी मिळाले असते.

त्यांनी नेम सरळ धरला आणि बटण दाबलं.

जावई कोसळला. सोनेरी पट्टा धुळीत गेला. वाजंत्री वाजली, पडदा काळा झाला आणि खेळ बनवणाऱ्यांची नावं खालून वर चालू लागली.

"मारलास की गं तू," अनिमेष म्हणाला. "संपलं मग."

"संपू दे."

"पुढचा रविवार..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

प्रभाबाईंनी ओठ पुसले. चार वर्षं हा प्रश्न त्यांनी गिळला होता. हो म्हणाला तर आपण त्याला नको झालो, आणि नाही म्हणाला तर इतक्या लांबून आपण करणार काय, या दोन भीतींच्या मध्ये तो अडकून पडला होता.

"अनिमेष, तिकडं करमतं का रे तुला?"

नावं वर चालली होती, एकही ओळखीचं नव्हतं. आतल्या खोलीत गोपाळराव उठून बसल्याचा पलंगाचा आवाज झाला, आणि ते तिथंच थांबले.

"नाही गं," अनिमेष म्हणाला.

प्रभाबाईंनी कंट्रोलर दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेला.

"मलापण नाही रे," त्या म्हणाल्या. "आता बोल."