माझे शेवटचे पान

मित्रांनो, माझे वय अडीचशेच्या वर, पण मला वाजवायला चार मिनिटे पुरतात! मी एक जुना सोनाटा, म्हणजे पाश्चात्य वाद्यसंगीताची रचना आहे, एकट्या हार्पसिकॉर्डसाठी रचलेला. हे वाद्य पियानोच्या आधीचे. पट्टी दाबली की आतली पिसाची काडी तार छेडते.

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा शहराच्या तेओदोझिओ मास्तरांनी मला त्यांची शिष्या व्हिओलांता हिच्यासाठी लिहिले. तिला ख्रिस्ती जोगिणींच्या मठात मुलींची संगीतशिक्षिका व्हायचे होते. मठाच्या प्रमुख मदर एस्कोलास्तिका तिची परीक्षा घेणार होत्या. मास्तरांनी माझे चौथे, शेवटचे पान आदल्या संध्याकाळी कसेबसे पुरे केले आणि शाई वाळायला मठाच्या स्वयंपाकघरात ठेवले.

सकाळी ते पान गायब! स्वयंपाकघरातल्या सिस्टर युफ्राझियाने ते केकच्या भांड्यात तळाला घातले होते.

“अहो सिस्टर, तो सोनाटा होता!” मास्तर ओरडले.

“मला काय ठाऊक? कागदावर माश्या बसल्यासारखं दिसत होतं!”

नवे पान लिहायला वेळच उरला नाही. व्हिओलांता वाजवायला बसली. तिसरे पान संपत आले. अर्ध्यावर थांबली तर तिचीही फजिती आणि माझीही!

पण तिची बोटे थांबली नाहीत. नदीकाठी धुणे आपटताना बायका जो ठेका धरतात, तो तिने डाव्या हाताने उचलला आणि उजव्या हाताने माझे सूर त्यावर नाचवत थेट मुक्कामाला नेले.

“शेवट फार गोड केलात, मास्तर,” मदर म्हणाल्या.

मास्तर मानी गृहस्थ. तरी म्हणाले, “तो माझा नाही, मदर. या पोरीनं आत्ता इथं बसल्या बसल्या रचला.”

“असं? मग मुलींना शिकवायला हीच हवी!”

मास्तरांनी तो शेवट स्वतःच्या हाताने उतरवला आणि खाली व्हिओलांताचे नाव घातले. मी आनंदाने फुलून गेलो.

पुढे चाळीस वर्षे मठातल्या मुलींनी मला वाजवले. मग पियानो आला आणि मी कपाटात पडलो. किड्यांनी माझ्या कडा खाल्ल्या. परवा ग्रंथालयातल्या एका बाईंनी मला शोधून काढले; आता संगीतशाळेतल्या मुली माझ्याशी झटापट करतात.

मित्रांनो, जुने कागद रद्दीत घालण्याआधी जाणत्याला दाखवा. मात्र मला नुसते काचेत ठेवू नका. वाजवा! सूर चुकला तर चुकू दे, पण थांबू नका.