आरशावरचं तेल

कुंदनला दुर्बीण निवडायला आठ महिने लागले. आठ! माझं लग्न दीड महिन्यात ठरून उरकलं होतं. मी त्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. त्याची बायको उज्वला नर्स, तिची पाळी कायम संध्याकाळची. त्यामुळे संध्याकाळी त्याच्याकडे स्वयंपाक करायचं आणि त्याच्यावर वैतागायचं काम माझ्याकडे आलेलं आहे.

आधी चार इंची आरशाची घ्यायची होती, मग आठ इंची. तिचं वजन ऐकून मी विचारलं, "जिन्यातून वर कोण नेणार, मी?" शेवटी सहा इंची डॉबसोनियन आली. लाकडी फिरत्या खोक्यावर बसवलेली जाडजूड नळी, तळाशी आरसा, बस. मखमलाबादभर मात्र बातमी गेली की कुसाबाईंचं दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, आणि दोघीजणी शहाळी घेऊन भेटायला आल्या.

कुसाबाई आमची आई. दुर्बीण घेतली ती तिच्यासाठीच. तिला काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाय, उजव्याबद्दल डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. तपासून आलो त्या दिवशी ती म्हणाली, "हा डोळा जायच्या आधी मला एकदा शनी बघायचाय."

त्याला कारण आहे. कुंदन पोटात असताना आमचे वडील विहिरीचं काम करताना दरडीखाली गेले. तेराव्याच्या पंगतीत आमच्या आत्याने, भागुबाईने, सगळ्यांसमोर सांगितलं, "हिला साडेसाती होती. हिनं माझा भाऊ खाल्ला." त्यानंतर चाळीस वर्षं आईने मेथी-कोथिंबीर विकून आम्हाला वाढवलं आणि दर शनिवारी शनीला तेल घातलं. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आणि एवढं डोक्यावर असताना आमचे बंधू काय करत होते? दुर्बीण सुधारत होते. खोक्याचा भुसा-बोर्ड काढून प्लायवूड बसवलं. नळी अलगद फिरावी म्हणून खाली सनमायका लावला. मग नळी आतून काळी हवी म्हणून माझ्या संक्रांतीच्या काळ्या साडीवर टेप धरून मापं घ्यायला लागला. मी टेपच काढून घेतला.

इतकं करून दिसायचं काय? प्रत्येक तारा समोशासारखा तिकोनी. आणि शनी म्हणजे पिवळा डाग. कुंदनने दोष दिला तो अंबडच्या कारखान्यांच्या धुराला, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांना, द्राक्षबागेतल्या फवारणीला. एकदा तर म्हणाला, "ताई, खालून तुझ्या फोडणीची गरम हवा वर येते." मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही.

परवा शनिवारी संध्याकाळी त्याने नळी गच्चीवर उभी करून ठेवली, झाकण काढून, आरसा थंड व्हायला. जाताना आईला म्हणाला, "आज शनी आरशात उतरवतो बघ." दहा मिनिटांनी त्याची किंकाळी ऐकून मी वर धावले. आई रिकामी वाटी घेऊन उभी होती. नळीत तेल.

"आई, हे काय केलंस!" कुंदन म्हणाला.

"तो आरशात उतरतो म्हनला ना तू? मंग त्याला रिकाम्या हातानं कसं बघू?" आई म्हणाली. "लय कडक देव हाय तो."

कुंदन डोकं धरून खाली बसला. मला रडावं की हसावं कळेना. शेवटी मी ओरडले, "बसतोस काय? काढ तो आरसा!"

रविवारी सकाळी आरसा काढायला बसलो, तर तो धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपांचे स्क्रू हलेनात. कुंदन अंबडला बावीस वर्षं फिटर आहे. ढिला स्क्रू दिसला की त्याला चैन पडत नाही. दुर्बीण आली त्याच दिवशी त्याने ते जीव खाऊन आवळले होते. मी खोक्यातली माहितीपुस्तिका काढली. आठ महिने जगभरचं वाचणाऱ्याने ती उघडलीच नव्हती. त्यात लिहिलं होतं की क्लिप आणि आरसा यांच्यामधून कागद सरकला पाहिजे. आवळलं तर काच ताणली जाते आणि तारे तिकोनी दिसतात.

मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. कुंदनने जोर लावून स्क्रू सोडवले.

इन्व्हर्टरसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. कापूस आईने दिला, वातींसाठी निवडलेला, सरकी नाही की कचरा नाही. न घासता, नुसता कापूस फिरवत तेल काढलं. क्लिपा कागद सरकेल एवढ्याच बसवल्या. दुपारभर कुंदन आरसा सरळ रेषेत आणत बसला आणि मग म्हणाला, "अजून एक आठवडा दे, ताई."

"आज," मी म्हटलं. "आजच."

साडेसातला आईला भाजीच्या उलट्या क्रेटवर बसवलं. तिने उजवा डोळा लावला. कुंदन नळी बोटाने हळूहळू सरकवत राहिला.

"लिंबात दाभण खुपसल्यावानी दिसतंय," ती म्हणाली.

"तोच. यंदा त्याचं कडं आपल्याकडे धारेनं आहे, म्हणून रेघ दिसते."

"एवढुसा? किती लांब हाय?"

"विमानानं निघालं तर दीडशे वर्षांच्या वर लागतील, आई."

ती बराच वेळ बघत राहिली. डोळा न काढताच म्हणाली, "एवढ्या लांबून तो मखमलाबादच्या विहिरीत उतरला? माझा नवरा न्यायला?"

कुंदनने नाक ओढलं.

आईने डोळा पुसला आणि माझ्याकडे वळली. "भागुबाई जिती हाय ना अजून? बोलव तिला. तिलाबी दाव."

"ताई, थांब, आधी फोकस जरा..."

"कशालाही हात लावू नकोस!" मी जिन्यातूनच ओरडले.