सरळ रेघांचा चौदा

“इस्त्री बारोंगला करतेयस की नवऱ्याला?” शेजारची चेडेंग खिडकीत डोकं घालून ओरडली. “सेल्मो, हल रे जरा! असाच उभा राहिलास तर जर्सीच्या जागी तुलाच टांगतील छताला.”

सेल्मो बनियनवर उभा होता, सदऱ्याची वाट बघत. तो हसला. बऱ्याच वर्षांनी असा दात दिसेपर्यंत हसला. बारोंग, म्हणजे आमच्याकडचा समारंभाचा सदरा, आमच्या लग्नातला होता, अननसाच्या धाग्याचा. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर राहत होत्या.

टेबलावर कंपनीचं पत्र होतं. सार्डिन माशांच्या डब्यांची कंपनी. तिच्या संघातून सेल्मो आठ वर्षं बास्केटबॉल खेळला, एकदा चषकही आणला. पत्रात लिहिलं होतं, रविवारच्या सामन्याआधी चौदा नंबरची जर्सी सन्मानाने निवृत्त होईल, छताला लागेल, आपण अगत्याने यावे. यापुढे त्या संघात तो आकडा कुणी घालायचा नाही. कुणाचा चौदा, हे पत्रात नव्हतं. आमच्या गावात, हागोनॉयमध्ये, कुणाला तो प्रश्नही पडला नाही.

कारण तो आकडा इथलाच. मी सतरा वर्षांची होते, आमचं लग्न व्हायचं होतं. फिएस्टाच्या, गावजत्रेच्या सामन्यांत खेळायला सेल्मोकडे जर्सी नव्हती. मी माझा शाळेचा निळा स्कर्ट कापून त्याच्या बनियनवर आकडे शिवले आणि आईचा मार खाल्ला. मला गोल आकडे कापता यायचे नाहीत. एक आणि चार, सगळ्या सरळ रेघा. मनिलाला मोठ्या संघात गेला तेव्हाही त्याने तोच नंबर मागून घेतला.

ही गोष्ट मी देन्सिओला आमच्याच टेबलाशी सांगितली होती. देन्सिओ संघात नवा, इलोइलोचा पोरगा. घरची आठवण आली की रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. “सरळ रेघा!” म्हणत तो इतका हसला की भात नाकात गेला. पुढे आमच्या मुलीच्या, बेलेनच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता म्हणून उभा राहिला. त्या दिवसापासून तो आणि सेल्मो एकमेकांचे ‘पारे’ झाले. आमच्याकडे त्या नात्यानंतर माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. भांडणातसुद्धा नाही.

चौऱ्याऐंशी साली सेल्मोचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी पाय टेकू नका. देन्सिओ दवाखान्यात आला तेव्हा सेल्मोने उशाखालची जर्सी काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

“पारे, तू घाल. नाहीतर दुसऱ्या कुणाला देतील ते. मी आलो की परत दे.”

“तुझीच आहे, पारे. मी नुसती सांभाळतोय.”

गुडघा बरा झाला नाही. सेल्मो बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजायला लागला. देन्सिओ त्या जर्सीत अकरा वर्षं खेळला, तीन चषक जिंकला. सेल्मोने कधी वाईट वाटून घेतलं नाही. टीव्हीसमोर बसून म्हणायचा, “बघ, माझा नंबर कसा पळतोय.”

पत्र आलं त्याच आठवड्यात देन्सिओचा फोन आला होता. “पारे, येणार ना? तुझ्याशिवाय मजा नाही.” तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

आम्हाला सातव्या रांगेत बसवलं. “इथे कसं?” मी विचारलं.

“बोलावतील गं. नाव पुकारलं की उतरायचं असतं.” सेल्मोने पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या, गुडघ्यासाठी.

दिवे मंद झाले, ढोल वाजला. सेल्मो खुर्चीचे हात धरून उठायला लागला आणि निवेदकाने नाव पुकारलं: गाउदेन्सिओ व्हिल्यारुझ. देन्सिओचं पूर्ण नाव. वर कापड उलगडलं. चौदाच्या वर व्हिल्यारुझ. सेल्मो अर्धा उठलेला होता. बसायचं तरी गुडघा दुखणार, म्हणून तो पूर्ण उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याला बघून आमची रांग उठली, मग मागच्या रांगा. मानवंदना त्यानेच सुरू केली असं लोकांना वाटलं.

तेही मी गिळलं असतं. अकरा वर्षं म्हणजे आठपेक्षा जास्त, तीन चषक म्हणजे एकापेक्षा जास्त. पण मग देन्सिओच्या हातात माईक दिला.

“लोक विचारतात, चौदाच का?” त्याने वरच्या कापडाकडे बोट केलं. “आम्ही फार गरीब. गावच्या सामन्याला माझ्याकडे जर्सी नव्हती. माझ्या आईने स्वतःचा निळा स्कर्ट कापला. बिचारीला गोल आकडे कापता यायचे नाहीत…”

सगळं स्टेडियम हुंदके देत होतं. सेल्मोच्या टाळ्या थांबल्या. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं नाही तेच बरं.

बाहेर पडताना देन्सिओने आम्हाला गाठलं, गळ्यात फुलं, मागे कॅमेरे. “पारे!” त्याने दोन्ही हात पसरले.

“तुझ्या आईचं दुकान होतं ना रे?” मीच बोलले. “ती कधी शिवायला लागली?”

“लुरिंग, चिडू नकोस ना. कार्यक्रम करणारे म्हणाले काहीतरी भावनिक सांगा. आईचं म्हटलं की लोकांना भिडतं. एवढंसं तर आहे. पारे, तू समजव हिला.”

सेल्मोने हात पुढे केला, हस्तांदोलनाला. “अभिनंदन, सर.”

देन्सिओचे पसरलेले हात तसेच राहिले. तो शब्द काय होता ते त्याला कळलं. कॅमेरावाल्यांना नाही, एकाने आम्हा दोघांना बाजूला व्हायला सांगितलं.

परतीच्या बसमध्ये उन्हं अजून होती. सेल्मोचा पाय सीटमध्ये मावेना, म्हणून त्याने तो वाटेत सोडला होता. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

“लोलो, अहो आजोबा, पाय आत घ्या. बाप रे, काय उंची! खेळायचात काय?”

हा प्रश्न त्याला जन्मभर विचारला गेला होता. विचारणारा फसायचा, आमचा थांबा यायचा, तरी सेल्मोची गोष्ट संपायची नाही.

या वेळी तो खिशातले सुटे पैसे मोजत राहिला. कंडक्टरच बोलत होता. “आज रेडिओवर ऐकलंत का व्हिल्यारुझला? आईने स्कर्ट कापला म्हणे त्याच्यासाठी. खरं सांगतो लोलो, मला रडूच आलं. आई ती आईच.”

सेल्मोने दोन्ही हातांनी गुडघा उचलून आत घेतला.

“दोन हागोनॉय,” तो म्हणाला.