फुलांच्या घड्याळापाशी

त्या सकाळी उजेड लॉजच्या खोलीत आला तो घाईने नव्हे. आधी त्याने पडद्याची किनार उजळली, मग तो कपाटाच्या कडीवर थबकला, तिथून फरशीवर उतरून चपलांच्या पट्ट्यांत रेंगाळला आणि शेवटी, जणू परवानगी मागून, खुर्चीत बसलेल्या मावशीच्या मांडीवर स्थिरावला. तिचे हात उजेडात न्हाऊन निघाले होते. ती मात्र भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ऊठ रे कुंभकर्णा. बाग काय आपल्यासाठी थांबणार आहे?"

"दोनशे वर्षं थांबलीय. अजून अर्धा तास थांबेल."

"जीभ बरी चालते. पाय चालव."

आईमागे भाच्याला वाढवलं ते या मावशीने, लोकांच्या कपड्यांवर रफू करून. कापडाच्याच आतल्या शिवणीतला धागा काढून ती भोक असं बुजवी की गिऱ्हाइकालाही जागा सापडू नये. गेल्या हिवाळ्यात एका करड्या कोटाला रिळाचा धागा वापरावा लागला. कोट परत आला. रफू तपकिरी झालं होतं. दुकानात उजेड कमी आहे, असं म्हणून त्याने दिवा बदलला होता. चहा कपाबाहेर सांडला तेव्हा त्याने कपाला दोष दिला.

परगावच्या नोकरीचं पत्र आठ दिवस त्याच्या खिशात होतं. पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं. "मला काय धाड भरलीय? खुशाल जा," ती रोज म्हणे, आणि ते खरं मानणं त्याला हवंसं वाटे. सुट्टीची टूमही तिचीच. येताना बसमध्ये तिने बागेची माहितीपुस्तिका त्याच्याकडून दोनदा वाचून घेतली होती. चष्मा सामानात तळाशी गेलाय म्हणे.

बागेत ती त्याच्या दंडाला धरून चालली, गुडघ्यांचं निमित्त करून. जुन्या झाडांच्या बुंध्यांना हात लावून तिने तारीफ केली. हातातल्या नकाशात डोकं घालून तो म्हणाला, "हं, हे आलं बघ फुलांचं घड्याळ," आणि मग त्याने मान वर केली.

दोरी बांधलेल्या गोल वाफ्यात नुसती माती होती. काटे काढून नेलेले. एक माळी दाताळ्याने ढेकळं फोडायच्या बेतात उभा होता.

"अगंबाई," मावशी म्हणाली, "आकड्यांचा जांभळा काय उठून दिसतोय! आणि ती पिवळी किनार. माझ्या हातून इतकी सुबक वळली नसती."

जांभळे आकडे, पिवळी किनार: पुस्तिकेतलं वर्णन, जसंच्या तसं.

माळी चकित होऊन म्हणाला, "ताई, अहो इथे तर..."

भाच्याने नुसती नकाराची मान हलवली. माळ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दाताळं अलगद खाली टेकवलं.

"इथे तर यंदा जांभळाच जास्त लावलाय," माळी हळू आवाजात म्हणाला. "बरोबर टिपलंत."

"तीस वर्षं धागे निवडलेत, दादा. रंग मला फसवत नाही." मग भाच्याचा दंड दाबत ती म्हणाली, "ऐकलंस? आता तरी त्या नोकरीवाल्यांना होकार कळव. का मी सुईत दोरा ओवून दाखवू?"

तो हसला. खिशातलं पत्र त्याने मुठीत धरलं. उजेड आता सगळीकडे होता, ओल्या मातीवर, दोरीवर, तिच्या वर उचललेल्या चेहऱ्यावर. दोष द्यायला कमी उजेड कुठेच उरला नव्हता.

ती परत फिरली. वाटेवर दगडी पायरी होती. असल्या पायऱ्यांशी तो आजवर नुसता दंड ताठ करी, तोंडाने काही बोलत नसे.

"मावशी, पुढे पायरी आहे."

ती थबकली. मग तिने पाऊल उचललं, हवेत क्षणभर चाचपलं आणि टेकवलं.

"अजून एक आहे," तो म्हणाला.

मावशीला दिसत नव्हतं.