शेवंती पंपाची पितळी पट्टी

मी शेवंती पंप बोलतोय. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये उत्तमशेठच्या कारखान्यात माझा जन्म झाला. शेवंती हे त्यांच्या बायकोचं नाव. पितळी पट्टीवर कोरून त्यांनी ते माझ्या छातीवर बसवलं. माझे भाऊबंद नेपाळच्या डोंगरांत पाणी चढवायला गेले. मी नमुना म्हणून दाराशीच राहिलो. आल्यागेल्याने मला टिचकी मारून बघायचं आणि चहा पिऊन जायचं.

"नेपाळ म्हणजे आपला धाकटा भाऊ. तो कुठे जाणार?" असं शेठ प्रत्येकाला ऐकवत. धाकट्याला कुणी काही विचारत नाही, हे मला तेव्हाच खटकायचं.

मग काठमांडूचे जुने गिऱ्हाईक थापा यांची मोठी मागणी आली. दसऱ्याला तिकडची माणसं गावी परततात; त्याआधी नळाला पाणी हवं होतं. माल तयार होता, पण पितृपक्ष लागला. त्या दिवसांत शेठ खिळासुद्धा बाहेर पाठवत नाहीत. लेक संचिता म्हणाली, "बाबा, चीनवाले तिथे दारात उभे आहेत. पंधरा दिवस कोण थांबेल?" शेठ हसले. घटस्थापनेला नारळ फोडून ट्रक काढू म्हणाले.

नारळ फुटला आणि थापांचा फोन आला. चीनचे पंप पोचलेसुद्धा होते. सोबत पुढच्या पाणीयोजनेसाठी कर्ज होतं, आणि अट होती की यापुढे पंपही त्यांचेच घ्यायचे. शेठ चिडून पितृपक्षाचं सांगू लागले.

थापा शांतपणे म्हणाले, "श्राद्धं आमच्याकडेही असतात, उत्तमभाई. तुम्ही आम्हाला भाऊ म्हणालात. त्यांनी काय हवं ते विचारलं."

ते कर्ज उद्या थापांच्याच मानगुटीवर बसेल, हे मला दिसतंय. पण सांगायला आम्हाला तोंड कुठे उरलंय? पाठोपाठ श्रीलंका आणि मालदीवची गिऱ्हाइकंही त्याच वाटेने गेली.

आता कारखान्यात यंत्रं नाहीत, खोकी आहेत. चीनहून आलेल्या पंपांवर आमचं नाव लावून शेठ ते माजिवड्याच्या सोसायट्यांना विकतात.

यंदा खंडेनवमीला शेवंतीबाई हळदकुंकू घेऊन आल्या आणि पुजायचं काय, म्हणून बघत राहिल्या. शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला पुसलं, झेंडूची माळ घातली. कुंकू लावताना त्यांचा हात थांबला.

"माझं नाव कुठे गेलं?"

पट्टी चीनला गेली होती, हुबेहूब नकला काढायला.

माळ सुकली की मला भंगारात देणार आहेत. द्या. फक्त शेजाऱ्याला धाकटा म्हणण्याआधी, त्याला तहान लागलीय का, एवढं विचारत जा.