मीठमास्तरचे हात

डुकरं पाळायची, कापायची, सॉसेज भरायची, सगळं घरच्या घरी. आणि खिम्यात मीठ बरोबर पडलंय की नाही हे सांगावं तर घरधन्यानंच. म्हणून सगळे त्याला मीठमास्तर म्हणत. चिमूटभर कच्चा खिमा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि हुकूम सोडायचा, "अजून अर्धी मूठ!" शिजवून चाखणं त्याला कमीपणाचं वाटे. बाप असंच करायचा, आजाही असंच. मग काय, बापजाद्यांपुढे शहाणपण चालतं होय?

डुकरांचे लाड मात्र विचारू नका. जंताचं औषध कधी चुकलं नाही. बायको म्हणायची, "अहो, त्यातला एखादा डोस स्वतःपण घ्या!" तो हसण्यावारी न्यायचा.

चिमी, त्याची पाच वर्षांची लेक, त्याच्याच हातून जेवायची. आईनं घास पुढे केला की ओठ गच्च.

एका सकाळी जेवता जेवता तिची मान मागे गेली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. घास त्याच्या बोटांतच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो दाखवला. ठिकठिकाणी बारीक गाठी होत्या. "जंताच्या अळ्यांच्या आहेत."

"त्या मेल्या डुकरांमुळंच हे! आजच्या आज सगळी कापतो!"

"डुकरं कापून काय होणार? कच्च्या मांसातून पट्टीसारखा जंत माणसाच्या पोटात वाढतो. त्याची अंडी शौचातून बाहेर येतात. हात नीट धुतले नाहीत, तर घासाबरोबर दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्यांतल्या अळ्या तिथून डोक्यात. घरात कच्चं कोण खातं?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं.

तपासणीत जंत त्याच्याच पोटात सापडला. औषधानं तो गेलाही. चिमीचे उपचार मात्र लांबचे होते.

"झटके थांबतील ना, बाई?"

"बघू या."



आता तो हात साबणानं घासून घासून सोलवटून घेतो. धुतलेल्या हातांनी भरवायला हरकत नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलंय. पण हात पुढे होतच नाहीत. आज आई घास घेऊन बसली होती, चिमीचे ओठ गच्च मिटलेले, आणि हा दारात उभा, हात पाठीमागे लपवून.

"बाबा, तुझे हात दुखतात का रे?"

"हो गं, बाळा."

"मग मी भरवते तुला," ती म्हणाली, आणि ताटातला घास उचलून त्याच्याकडे धावली.